मातीविना पालेभाजी आणि घरचा जमाखर्च

दिवाळी सरली की खानदेशात पालेभाज्यांचे दिवस सुरू होतात. जळगावचा बाजार असो वा धुळ्याचा, मेथी, पालक, शेपू, आंबटचुका, पोकळा, कांद्याची पात आणि हरभऱ्याचे कोवळे खुडे यांचे ढीग सकाळपासून लागलेले असतात. महाशिवरात्र उलटली की हे ढीग उतरू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर पोहोचतो. जुडी लहान होते, पाने दुपारपर्यंत मलूल पडतात आणि भाव चढतो. ज्या घरात दोन वृद्ध माणसेच राहतात, त्या घरातून या काळात पालेभाजी जवळजवळ हद्दपार होते. बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन आलेल्या ज्येष्ठांना आदल्या दिवशीचे जेवण विचारले, तर उन्हाळ्यात उत्तर बहुधा बटाटा, शेवभाजी किंवा पिठले असेच येते.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक नवा प्रश्न वारंवार कानी येतो : “डॉक्टरसाहेब, गच्चीवर पाण्यातली भाजी लावावी म्हणतो. संच घेऊ का?” याच प्रश्नाचे थोरले रूपही आहे. निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेली असते आणि नात्यातले कोणीतरी सुचवते, की दहा गुंठ्यांवर हायड्रोपोनिक्सचे शेड उभारा, घरबसल्या पेन्शन सुरू होईल. दोन्ही प्रश्न वरकरणी पैशाचे आहेत; परंतु ज्येष्ठांच्या ताटाशी आणि त्यांच्या औषधपाण्याच्या शिलकीशी ते थेट जोडलेले असल्यामुळे त्यांचा विचार या सदरात करणे अस्थानी ठरू नये.

पद्धत नवी नाही

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीऐवजी पोषकद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यात मुळे ठेवून रोपे वाढवणे. हा शब्द १९३७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉ. विल्यम गेरिक यांनी रूढ केला. त्या काळी या पद्धतीविषयी वर्तमानपत्रांतून अचाट गोष्टी छापून येऊ लागल्या. तेव्हा त्याच विद्यापीठातील होगलंड आणि अर्नन या शास्त्रज्ञांनी १९३८ साली तिची शांतपणे तपासणी केली. हवा, प्रकाश आणि पोषण सारखेच दिले, तर चांगल्या मातीतले उत्पन्न आणि पाण्यातले उत्पन्न यांत फार मोठे अंतर पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या देशात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४०च्या दशकात दार्जिलिंगच्या परिसरात साधी पात्रे, खडी आणि वाळू वापरून स्वस्त पद्धत बसवली आणि १९५१ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले.

खानदेशातील केळी उत्पादकाला तर या पद्धतीचे मर्म सांगावे लागत नाही. ऊतिसंवर्धित केळीची रोपे शेतात जाण्यापूर्वी शेडमध्ये कोकोपीटवरच वाढतात. ठिबकच्या व्हेंचुरीतून तो जी विद्राव्य खते सोडतो, त्यांतलीच बरीचशी येथेही लागतात : कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५, मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ०:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि जोडीला लोहासह सूक्ष्म अन्नद्रव्ये. कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण मात्र वेगळ्या बाटलीत ठेवावे लागते. फॉस्फेट आणि सल्फेटच्या दाट द्रावणात ते मिसळले, तर पांढरा साका तळाशी बसतो आणि पोषण वाया जाते. म्हणूनच बाजारात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्या मिळतात. द्रावणाचा सामू साधारण ५.५ ते ६.५ राखावा लागतो. पाईपमधून द्रावणाचा पातळ ओघ सतत फिरवण्यासाठी छोटा पंप असतो.

पाण्याची बचत खरी, विजेची उधळण तितकीच खरी

पाण्याचे मोल खानदेशाला नव्याने शिकवायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारे बांधून गावाने मिळून पाळीपाळीने पाणी वापरायची फड पद्धत शेकडो वर्षे चालली. आज रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून अधिक झाला आहे, आणि उन्हाळ्यात अनेक गावांना नळाचे पाणी काही दिवसांआड मिळते. तेव्हा कमी पाण्यात भाजी येते हे ऐकून कोणालाही ओढ वाटणे स्वाभाविक आहे.

या दाव्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही आपल्यासारखाच तापदायक उन्हाळा असतो. तेथील परिस्थिती धरून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्यूस ही सॅलडची पानभाजी पिकवण्यासाठी शेतात किलोमागे सुमारे २५० लिटर पाणी लागते, तर हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे २० लिटर पुरते, असे त्यात आढळले. दर चौरस मीटरमागचे वार्षिक उत्पन्नही ३.९ किलोवरून ४१ किलोपर्यंत वाढते. मात्र त्याच अभ्यासाचा तिसरा आकडा जाहिरातीत सहसा दिसत नाही. बंदिस्त हरितगृह थंड-उबदार राखणे आणि कृत्रिम प्रकाश यांसाठी लागणारी ऊर्जा शेतातल्या किलोमागे १,१०० किलोज्यूल होती, ती ९०,००० किलोज्यूलवर गेली. आपल्या वीजबिलाच्या भाषेत हे किलोमागे २५ युनिट होतात. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर एक किलो पानांसाठी केवळ विजेचेच २०० रुपये.

घरच्या गच्चीवरील लहान संचाला एवढी वीज लागत नाही, कारण तो हवा थंड करत नाही. पण मग मे महिन्यात द्रावण तापते. पाणी २० अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांवर तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो. मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. पालक आणि लेट्यूस या थंड हवेच्या पिकांना तर फुलाचे दांडे येऊन पाने कडवटतात. त्यातच वीज गेली आणि पंप थांबला, तर भर उन्हात पाईपमधली रोपे तास-दोन तासांत माना टाकतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत आपल्याला भाजीची सर्वाधिक गरज असते, त्याच चार महिन्यांत साधा संच बंद ठेवावा लागतो.

पाण्याबद्दल आणखी एक बाब. आपल्याकडील पुष्कळ कूपनलिकांचे पाणी जड आहे. पाण्यात मुळातच लिटरमागे ८००-१,००० मिलिग्रॅम क्षार असतील, तर त्यात पोषकद्रव्ये घालायला जागाच उरत नाही. मग आरओचे पाणी वापरावे लागते, आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. किलोमागचे २० लिटर अशा रीतीने ६०-८० लिटरांवर जातात. बचत उरते, पण पत्रकात छापलेली ९० टक्क्यांची बचत उरत नाही.

गच्चीवरील संचाचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. पुढील किमती उदाहरणादाखल धरल्या आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

समजा, ३६ रोपांचा पाईपचा संच १२,००० रुपयांना घेतला. तो पाच वर्षे टिकेल असे धरले, तर वर्षाला २,४०० रुपये. पंप १८ वॅटचा आहे आणि तो वर्षातले २४० दिवस अहोरात्र चालतो, दिवसाला ०.४३२ युनिट, म्हणजे एकूण सुमारे १०४ युनिट आणि ८३० रुपये. पोषकद्रव्यांच्या बाटल्या १,००० रुपये. बी, कोकोपीट आणि जाळीचे पेले ६०० रुपये. सामू आणि क्षार मोजण्याची उपकरणे १,५०० रुपयांची, दोन वर्षे टिकणारी. वर्षाला ७५० रुपये. बेरीज झाली ५,५८० रुपये. आपल्या श्रमाचे मोल यात धरलेलेच नाही.

आता उत्पन्न. २४० दिवसांत ४० दिवसांची सहा पिके. ३६ रोपांप्रमाणे २१६ रोपे, प्रत्येकी १२० ग्रॅम; एकूण सुमारे २६ किलो. दहावा हिस्सा किडीने वा मर होऊन गेला असे धरले, तर हाती २३ किलो. एका किलोला खर्च आला सुमारे २४० रुपये. संच मुलाने वाढदिवसाला भेट दिला आणि त्याची किंमत धरलीच नाही, तरीही किलोमागे १३८ रुपये पडतात.

ताटाच्या बाजूने हाच हिशेब पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारतत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने रोज सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी खावी. दोघांची वर्षाची गरज झाली ७३ किलो. संचातून आले २३ किलो, म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही. उलट, संचावर दरवर्षी जाणारे ५,५८० रुपये भाजीवाल्या मावशींकडे दिले आणि वर्षाचा सरासरी भाव ७५ रुपये किलो धरला, तर दोघांना वर्षभर पुरेल इतकी सगळी पालेभाजी त्यात येते. ज्या घरात काटकसर करावी लागते, तेथे हा एक आकडा निर्णयाला पुरेसा आहे.

मग हे संच घेणारे सगळेच चुकतात काय? तसे म्हणता येणार नाही. भाजी ६० रुपये किलोने धरली, तर वर्षाला १,३८० रुपयांची भाजी मिळते आणि वरचा खर्च ४,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ३५० रुपये होतो. रोज सकाळी अर्धा तास रोपांत रमण्यासाठी एखाद्या निवृत्त गृहस्थाला हा खर्च परवडत असेल, तर तो छंदाचा खर्च म्हणून आनंदाने करावा. जोडीदार गेल्यानंतर दिवस खायला उठतो, अशा माणसाला रोपांचे वेळापत्रक उपयोगी पडते, हे मी पाहिले आहे. फक्त घरच्यांनी तो खर्च भाजीच्या खात्यात लिहू नये.

निवृत्तीची पुंजी आणि दहा गुंठ्यांचे शेड

थोरला प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे पणाला लागते ती उतारवयातील औषधपाण्याची शिल्लक.

समजा, दहा गुंठ्यांचे हरितगृह आणि त्यातील पाईप-टाक्या यांना ३० लाख रुपये लागले. दहा वर्षांचे आयुष्य धरले, तर वर्षाची झीज ३ लाख. तीन मजुरांना महिना प्रत्येकी १२,००० रुपये, म्हणजे ४.३२ लाख. वीज दीड लाख, बी आणि पोषकद्रव्ये दीड लाख, बांधणी आणि वाहतूक दोन लाख. आता न दिसणारा खर्च. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ पासून ३० लाख आहे, ८.२ टक्के दराने ही रक्कम तेथे वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये व्याज देते. शेडमध्ये पैसे गेले की हे व्याज बुडते. सर्व मिळून १४.७८ लाख.

दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. चालण्या-वावरण्याची जागा सोडून ६०० चौरस मीटरवर दर मीटरला २० रोपे, म्हणजे १२,००० रोपे. वर्षाला आठ पिके, रोपामागे १५० ग्रॅम, दहावा हिस्सा नुकसान. हाती सुमारे १३,००० किलो. किलोमागे खर्च ११४ रुपये. म्हणजे बारा महिने, सगळा माल, ११४ रुपयांहून चढ्या दराने जागेवर विकला गेला, तरच मुद्दलाला धक्का लागत नाही. पालक-मेथीला शेतकऱ्याच्या हाती असा भाव वर्षभर पडत नाही. त्यासाठी लेट्यूस, बेसिल यांसारखी महागडी पाने हॉटेलांना पुरवावी लागतात. त्यांचे मोठे गिऱ्हाईक मुंबई, पुणे, नाशिककडे आहे. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. मे महिन्यात ही कोवळी पाने शीतवाहनाशिवाय इतका प्रवास करू शकत नाहीत. मुंबई-पुण्याच्या शेजारी शेड असणाऱ्याला जे जमते, ते येथे त्याच आकड्यांवर जमेल असे मानू नये.

परदेशातील अनुभव पाहिला तरी सावध व्हावे असाच आहे. अमेरिकेत बंदिस्त इमारतीत, दिव्यांच्या प्रकाशात पानभाज्या पिकवणाऱ्या कंपन्यांत गुंतवणूकदारांनी अफाट पैसा ओतला होता. त्यांपैकी एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. बाउरी फार्मिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. त्यांच्याकडे तंत्रज्ञानाची वाण नव्हती. विजेचे बिल आणि भाजीचा भाव यांचा मेळ बसवणे तेथेही अवघड गेले.

तेव्हा साठी उलटलेल्या वाचकांना माझा आग्रहाचा सल्ला असा, की आरोग्यविमा, सहा महिन्यांचा औषधखर्च आणि अडीअडचणीची ठेव यांना हात लावून अशा प्रकल्पात पडू नये. घरातील तरुण मुलाला हा व्यवसाय करायचाच असेल, तर त्याने प्रथम अर्ध्या गुंठ्यावर एक पूर्ण वर्ष, उन्हाळ्यासकट, काढून पाहावे आणि माल कोण, किती, कोणत्या दराने घेणार हे लेखी ठरवून मगच कर्जाचा विचार करावा. “तुमचा सगळा माल आम्हीच परत घेऊ” असे सांगणाऱ्यांचा करार वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.

पाण्यातली भाजी अधिक पौष्टिक असते काय?

नीट पोसलेल्या रोपाला नत्र मातीतून मिळाले की पाण्यातून, याने पोषणमूल्यात मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो कोणती भाजी निवडली यावर. दर १०० ग्रॅममध्ये पालकात सुमारे ८२ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मेथीत २७४, शेवग्याच्या पाल्यात ३१४ आणि हिरव्या माठात ३३०. शिवाय पालकातील ऑक्झलेटमुळे त्याच्यातल्या कॅल्शियमचा फारच थोडा अंश अंगी लागतो. संचाच्या चित्रात हमखास दिसणारे लेट्यूस तर बहुतांशी पाणीच असते, आणि कवळी लावणाऱ्यांना ते चावतही नाही. आपल्या भाकरीबरोबरची मेथी वा माठ वृद्धांना अधिक उपकारक आहे. पालेभाजीत ब-१२ जीवनसत्त्व नसते, हेही शाकाहारी ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

भाजी कोठलीही असो, पुढील रुग्णांनी काळजी घ्यावी.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा असेनोकूमारोल घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडू नये, परंतु तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. पालेभाजीतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. घरचा वाफा एकदम काढणीला आला म्हणून आठवडाभर वाटी-वाटी भाजी खाल्ली आणि पुढचे पंधरा दिवस बंद केली, तर आयएनआर तपासणीचा आकडा वरखाली होतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना ही अडचण नाही.

मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात पोटॅशियमचे पथ्य असते. अशांनी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी, पाणी टाकून द्यावे आणि प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जपानमध्ये आयझू-वाकामात्सु येथील फुजित्सूच्या कारखान्यात पोषणद्रावणातील पोटॅशियम आटोक्यात ठेवून अशा रुग्णांसाठी खास लेट्यूस पिकवले गेले. घरच्या संचात हे साधत नाही; आपल्या बाटल्यांतील द्रावणात पोटॅशियम मुबलक असते.

ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात त्यांनी पालक मर्यादित ठेवून मेथीकडे वळावे. पाण्यात वाढलेल्या, विशेषतः सावलीतल्या भाजीत नायट्रेट अधिक साठते. प्रौढांना ते बहुधा बाधत नाही; तरी भाजी सकाळऐवजी दिवसभर ऊन खाल्ल्यावर सायंकाळी काढावी आणि काढणीपूर्वीचे दोन-तीन दिवस रोपांना साधे पाणी द्यावे, म्हणजे ते कमी होते.

संच घरात असेल, तर सांभाळणाऱ्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. टाकी घट्ट झाकलेली असावी. उघड्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. कॅल्शियम नायट्रेटचे पांढरे दाणे साबुदाण्यासारखे दिसतात, म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत. सामू उतरवण्याचे द्रव आम्ल असते. ते औषधाच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये आणि बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे. गच्चीचा जिना आणि ओली फरशी ही तर मोडलेल्या खुब्याची नेहमीची कारणे आहेत. एका शस्त्रक्रियेपुढे भाजीचा सारा हिशेब कोलमडतो, म्हणून संच हवाच असेल तर तो खालच्या मजल्यावर, कमरेच्या उंचीवर आणि कठड्याजवळ असावा.

स्वस्त आणि सोपे मार्ग

पाण्यातली भाजी करून पाहायचीच असेल, तर पंपाशिवाय आरंभ करावा. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत झाकणाला भोके पाडलेला टब द्रावणाने भरतात आणि रोपे झाकणात बसवतात. द्रावण खाली जाते तशी वरची मुळे हवेत राहून श्वास घेतात. वीज नाही, आवाज नाही. नऊ-नऊ रोपांचे दोन टब नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालवले, तर तीन पिकांत सहा किलोच्या आसपास भाजी मिळावी. टब, खत, बी धरून वर्षाचा खर्च ७५० रुपये मानला, तर किलोला १२५ रुपये पडतात. बाजाराहून हेही महागच. पण यात बुडाले तरी थोडेच बुडते.

मेथीला तर एवढाही खटाटोप नको. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत वाढवलेली समुद्र मेथी पुष्कळांनी खाल्ली असेल. सावलीच्या गॅलरीत पसरट ट्रेमध्ये वाळू वा कोकोपीट घालून दाट मेथी पेरली, तर बोटभर उंचीची कोवळी भाजी दोन-अडीच आठवड्यांत कापता येते. दर आठवड्याला एक ट्रे पेरत गेले की खंड पडत नाही. बसल्या बसल्या करण्याचे हे काम गुडघेदुखीने बेजार असलेल्यांनाही जमते. स्मृती उणावलेल्या आजी-आजोबांना घरच्या कोणाच्या देखत पाणी शिंपडायला दिले, तर त्यांचाही वेळ बरा जातो.

उन्हाळ्यासाठी आपल्या हवामानाने दिलेल्या भाज्यांकडेच वळावे. तांदुळजा, माठ, राजगिरा, अंबाडी आणि घोळ या भाज्या ऊन सोसतात. अंगणातील शेवग्याला पंप लागत नाही आणि भर वैशाखातही त्याचा कोवळा पाला मिळतो. मूठभर पाला वरणात किंवा भाकरीच्या पिठात घातला की पुष्कळ साधते. हरभऱ्याची आणि मेथीची भाजी हिवाळ्यात सावलीत वाळवून ठेवण्याची आपल्याकडची रीतही पुन्हा धरण्यासारखी आहे. वाळवल्याने ‘क’ जीवनसत्त्व जाते, पण तंतू, लोह आणि कॅल्शियम टिकतात. जेवताना लिंबू पिळले की लोह शोषले जाण्यासही मदत होते.

संच घेण्यापूर्वी एक महिना घरात भाजीची वही ठेवा. कोणत्या दिवशी कोणती पालेभाजी आणली, किती रुपयांची, कोणी किती खाल्ली आणि किती टाकून दिली, एवढेच त्यात लिहा. महिन्याअखेर अनेक घरांत असे दिसेल, की जुडी आणली होती, पण निवडायला कोणी नव्हते म्हणून ती फ्रीजमध्ये पिवळी पडली. तसे असेल, तर नव्या पाईपांऐवजी आठवड्यातून दोनदा भाजी निवडून देणारे माणूस ठेवावे, किंवा सुनेने वा लेकीने रविवारी दोन जुड्या निवडून, कापडात गुंडाळून ठेवाव्यात. पुढच्या वेळी तपासणीला येताना ही वही सोबत आणली, तर आहाराविषयी बोलणे आम्हालाही सोपे जाईल.